जुन्या गाडीचे नवे टायर : माप कोणाचे मानावे?

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी मी २०१६ सालची स्विफ्ट व्हीडीआय ही वापरलेली गाडी घेतली, कागदोपत्री मी तिचा तिसरा मालक आहे. आधीच्या मालकाने बाहेरून घेतलेले अलॉय रिम गाडीला बसवलेले असून त्यांवरील टायरचे माप २०५/६५ आर १५ असे आहे. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर मात्र १६५/८० आर १४ असे छापलेले आहे. टायर आता बदलायला झाले आहेत. तीन दुकानांत चौकशी केली, तेव्हा एकाने ‘आहे तेच माप घाला’ असे सांगितले, दुसऱ्याने १९५/६५ आर १५ सुचवले, तर तिसऱ्याने १८५/६५ आर १५. गाडीत पाच जण असताना वळणावर गतिरोधक आला, की पुढच्या चाकाकडून काहीतरी घासल्याचा आवाज येतो. एरवी गाडीबद्दल तक्रार नाही. स्पीडोमीटर तर इतका अचूक आहे, की मोबाइलच्या जीपीएसशी तंतोतंत जुळतो. मी कोणते माप घ्यावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या पत्रातले स्पीडोमीटरचे वाक्य आधी घेतो, कारण ज्याला आपण गाडीचा गुण समजत आहात, तेच तिच्या दुखण्याचे लक्षण आहे. कारखान्यातून निघालेल्या गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये, असा दंडक असल्यामुळे उत्पादक तो मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. म्हणजे काट्यावर ८० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ७६-७७ च्या आसपास धावत असते. आपल्या गाडीत काटा आणि जीपीएस जुळतात, याचा अर्थ ही राखून ठेवलेली सवलत मोठ्या टायरने खाऊन टाकली आहे. चाक मोठे असले, की ते एका फेऱ्यात जास्त अंतर तोडते. काटा मात्र फेरेच मोजतो. किलोमीटरच्या आकड्याचेही तसेच होते. मीटरवर १०,००० किलोमीटर वाढलेले दिसतात, तेव्हा आपली गाडी सुमारे साडेचारशे किलोमीटर जास्त पळालेली असते. वापरलेली गाडी घेताना मीटर मागे फिरवला आहे का, याची चिंता सगळेच करतात. पण हा मीटर कोणी हात न लावताही मागे राहिला आहे.

आता आकड्यांकडे येऊ. १६५/८० आर १४ यातील १६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आहे. ८० हा आकडा मिलिमीटर नव्हे, तर टक्के आहे: टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के आहे, असे तो सांगतो. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १४ हा रिमचा व्यास इंचांत. गंमत अशी, की एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तीन हिशोब एकत्र नांदतात, आणि ग्राहक बहुतेक वेळा त्यातला शेवटचा आकडाच तेवढा बघतो. रिम पंधराचा आहे ना, मग पंधराचा कोणताही टायर चालेल, ही समजूत तिथूनच येते.

चाकाचा एकूण व्यास काढणे सोपे आहे. रुंदीला टक्क्यांनी गुणावे, वर-खाली अशा दोन भिंती असल्यामुळे त्याची दुप्पट करावी आणि त्यात रिमचा व्यास मिळवावा; एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याप्रमाणे आपल्या स्टिकरवरच्या मापाचा व्यास ६१९.६ मिलिमीटर येतो. सध्या बसवलेल्या २०५/६५ आर १५ चा येतो ६४७.५, म्हणजे साडेचार टक्के जास्त. दुसऱ्या दुकानाने सुचवलेल्या १९५/६५ आर १५ चा ६३४.५ येतो आणि फरक २.४ टक्क्यांचा राहतो. तिसऱ्याने सांगितलेल्या १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ आहे, इथे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हा योगायोग नाही. आपल्याच पिढीच्या स्विफ्टच्या वरच्या झेडडीआय प्रकाराला कंपनी हेच माप कारखान्यात बसवत होती. रिम एका इंचाने वाढला, म्हणून साइडवॉल तेवढी बुटकी केली आणि चाकाचा बाहेरचा घेर जिथल्या तिथे ठेवला. माप वाढवण्याची शहाणपणाची रीत हीच आहे. एकूण व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवावा, असे मी स्वतः मानतो. काही कारागीर तीनपर्यंत जातात, पण साडेचारचे समर्थन करणारा मला अजून भेटलेला नाही.

२०५/६५ आर १५ हे माप आले कुठून, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. पहिल्या पिढीच्या इनोव्हाला हे माप येत असे, त्यामुळे ते बाजारात सहज मिळते आणि गाडीही जरा उंच, रुबाबदार दिसते. परंतु इनोव्हाचे चाक स्विफ्टच्या कमानीत मावावे, अशी रचना स्विफ्टची नाही. आपल्याला आवाज येतो तो त्यामुळेच. खात्री करायची असेल, तर गाडी सपाट जागी उभी करून स्टीअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत फिरवा आणि टॉर्च घेऊन पुढच्या चाकामागे, मडगार्डच्या आतल्या काळ्या प्लास्टिकच्या अस्तराकडे पाहा. घासण्याच्या जागी ते अस्तर आरशासारखे चकचकीत झालेले दिसेल. टायरच्या खांद्यावरही त्याच उंचीला एक गुळगुळीत पट्टा सापडेल. मग स्टीअरिंग दुसऱ्या बाजूला फिरवून पलीकडचे चाक तपासा. अस्तर फाटले असल्यास ते बदलून घ्या, कारण ते निघाले, की पावसाळ्यात चिखल थेट आत उडतो. ज्यांना गणितावर विश्वास नाही, त्यांच्यासाठी खडूचाही उपाय आहे: टायर जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि फरशीवर एकेक खूण करावी, गाडी सरळ ढकलत चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्यावा आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजावे. आपल्या आत्ताच्या टायरचे आणि १८५/६५ आर १५ चे अंतर असे मोजले, तर सुमारे आठ सेंटिमीटरचा फरक दिसेल.

तेव्हा माझे उत्तर तिसऱ्या दुकानदाराच्या बाजूचे आहे, पण एक गोष्ट तपासल्याखेरीज पैसे देऊ नका. आपले रिम बाहेरून घेतलेले आहेत आणि त्यांची रुंदी किती आहे, हे पत्रात लिहिलेले नाही. अलॉयच्या आतल्या बाजूला किंवा नट बसतात त्या तोंडावर १५ × ६ जे असा काहीतरी मजकूर ओतीव अक्षरांत असतो; त्यातला ६ म्हणजे रिमची रुंदी इंचांत. १८५/६५ च्या टायरला पाच ते साडेसहा इंच रुंदीचा रिम चालतो. आपला रिम साडेपाच किंवा सहा इंचांचा निघाला, तर १८५/६५ आर १५ डोळे झाकून घ्यावा. तो सात इंचांचा निघाला, तर हाच टायर त्यावर ताणला जाईल, साइडवॉल आतल्या बाजूला तिरपी उभी राहील आणि खड्ड्यात रिमच्या कडेला पहिला मार बसेल. तशा वेळी २०५/६० आर १५ हा मधला मार्ग आहे. त्याचा व्यास ६२७ मिलिमीटर, म्हणजे फरक सव्वा टक्क्याच्या आतला. माझ्या मते मात्र सात इंची रिम विकून साधे लोखंडी १४ इंची रिम घ्यावेत आणि स्टिकरवरचे माप लावावे. १६५/८० चा उंच साइडवॉल आपल्या रस्त्यांवर जितके सोसतो, तितके बुटका टायर सोसत नाही, आणि तो स्वस्तही पडतो. दिसण्यात तो मार खातो, हे मान्य.

मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर येते, आणि दुकानात त्याविषयी कोणी बोलत नाही. १६५/८० आर १४ च्या पुढे साधारणपणे ८५ टी असे लिहिलेले असते. ८५ हा भाराचा निर्देशांक असून त्याचा अर्थ एक टायर ५१५ किलो वजन पेलू शकतो, असा आहे. ८८ म्हणजे ५६० किलो. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटर आणि ‘एच’ म्हणजे २१० किलोमीटर वेगापर्यंतची मर्यादा. इतक्या वेगाने जायचे नाही, मग अक्षराशी काय देणे-घेणे, असे काही वाचक विचारतात. वेगाची मर्यादा ही टायर किती उष्णता सहन करतो, याचीच मोजणी असते, आणि मे महिन्यात भरलेल्या गाडीने समृद्धी महामार्गावर तासन्‌तास धावताना तीच उष्णता कामाला येते. म्हणून नव्या टायरचा आकडा आणि अक्षर ही दोन्ही मूळ टायरच्या बरोबरीची किंवा वरची असावीत. खालची कधीही घेऊ नयेत.

स्टिकरबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती वापरलेल्या गाडीच्या प्रत्येक खरेदीदाराच्या उपयोगाची आहे. दाराच्या खांबावरचे हे स्टिकर गाडीच्या प्रकारानुसार वेगळे असते आणि त्यावर माप तसेच हवेचा दाब दोन्ही छापलेले असतात. गाडी बघायला गेलात आणि ते स्टिकर जागेवर नसेल, तर तो खांब कधीतरी ठोकून नव्याने रंगवला गेला असण्याची शक्यता आहे. विक्रेत्याला सरळ विचारावे. स्टिकर नसल्यास गाडीचे हस्तपुस्तक पाहावे, तेही नसेल तर चासी क्रमांक देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून माप काढून घ्यावे. गाडीला आत्ता लावलेल्या टायरवरून माप ठरवू नये. आधीच्या मालकाची हौस, दुकानातला शिल्लक माल किंवा रात्री-अपरात्री फुटलेल्या टायरच्या जागी हाताला लागलेला दुसरा टायर, यांपैकी कशामुळे ते माप तिथे आले असेल, याचा पत्ता टायर देत नाही.

हवेचा दाब बदललेल्या मापाप्रमाणे बदलतो, हेही ध्यानात असू द्या. आपल्या स्टिकरवरचा दाब १६५/८० साठी आहे. १८५/६५ लावल्यावर हस्तपुस्तकात त्या मापापुढे दिलेला दाब भरावा, तोही टायर थंड असताना. टायरवर लिहिलेला दाब हा कमाल मर्यादेचा असतो. पेट्रोल पंपावरचा पोरगा विचारील तो आकडा ‘घाला पस्तीस’ म्हणून मान्य करू नये.

दुकानात शेवटचे काम बिलाचे. टायर रिमवर चढवण्याआधीच त्याची तारीख पाहून घ्या, कारण ती अनेकदा एकाच बाजूला असते आणि ती बाजू आत गेली, की पुन्हा पाहायला गाडी उचलावी लागते. तारीख कशी वाचावी, हे पुढच्या उत्तरात दिले आहे. बिलावर माप, भाराचा आकडा आणि तारखेचा कोड लिहून घ्या, नोझल नवे बसवून घ्या, बॅलन्सिंगबरोबर अलाइनमेंटही त्याच दिवशी करा आणि शंभरएक किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा आवळून घ्या. किमतीची तुलना जुन्या बिलांशी करत असाल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, हे हिशोबात धरा.

प्रश्न : आम्ही घेतलेली वापरलेली गाडी फारच कमी चाललेली आहे. टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी खोल आहे, तरी गॅरेजवाले काका टायर बदलायला सांगतात. टायरवर ३४१७ असा आकडा आहे. विनाकारण खर्च करायला लावत आहेत का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : काका बरोबर सांगत आहेत. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत जे चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. आपला टायर २०१७ च्या चौतिसाव्या आठवड्यात, म्हणजे त्या वर्षीच्या ऑगस्टच्या उत्तरार्धात तयार झाला. रबर वापरल्याने झिजते तसे नुसते पडून राहिल्यानेही म्हातारे होते: हवेतला प्राणवायू आणि उष्णता यांनी ते कडक होत जाते, आणि कडक झालेले रबर ओल्या डांबराला धरत नाही. बंद बंगल्याच्या अंगणात वर्षानुवर्षे एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर तर खालच्या बाजूने चपटेही झालेले असतात. नक्षी खोल दिसल्यामुळे माणूस फसतो तो इथेच.

टायरमध्ये हवा पूर्ण असताना साइडवॉलवर आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी बोटाने दाबून पाहा. केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसले, की प्रश्न मिटला. पाच वर्षे झाल्यावर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झाल्यावर दिसायला कितीही चांगला असला, तरी काढून टाकावा, असा टायर बनवणाऱ्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. आपल्याकडचे ऊन आणि कोकणातला पाऊस पाहता मी दहाची वाट पाहणार नाही. स्टेपनीचीही तारीख पाहायला विसरू नका. वापरलेल्या गाडीत ती बऱ्याचदा गाडीइतकीच जुनी असते.

नवा टायर घेतानाही हाच कोड वाचावा. दोन-चार महिन्यांपूर्वीचा टायर उत्तम, सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचाही चालतो; त्याहून जुना असेल, तर दुसरा मागा. आयएसआय चिन्ह आणि त्याजवळ मोटारींच्या टायरसाठीचा आयएस १५६३३ हा क्रमांक आहे ना, तेही बघा.

प्रश्न : माझ्या जुन्या वॅगन आरचे पुढचे दोन टायर संपले आहेत, मागचे निम्मे शिल्लक आहेत. यंदा दोनच टायर घेणे परवडेल. गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणून नवे पुढे लावावेत, असे दुकानदार म्हणतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नवे मागे लावावेत आणि मागचे निम्मे झिजलेले पुढे आणावेत. दुकानदाराला हे उलटे वाटेल. मलाही पूर्वी वाटत असे. आंबा घाटात पावसात उतरताना पुढची चाके घसरली, तर गाडी वळणात बाहेरच्या बाजूला सरळ जाऊ लागते; ते स्टीअरिंगवर जाणवते आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की ती बहुधा सावरते. मागची चाके घसरली, तर गाडीची शेपटी फिरते, आणि ती आवरण्याचे कसब सर्वसाधारण चालकाच्या अंगी नसते. गाडी कोणत्या चाकांनी ओढली जाते, याचा या निर्णयाशी संबंध नाही.

अट एवढीच, की पुढे आणलेले टायर खरोखरच निम्मे शिल्लक असावेत. खाचांच्या तळाशी जे छोटे आडवे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायर संपला. पावसाळ्यात मी तीन मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. एका आसावरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे असावेत. पुढचे टायर एका कडेने जास्त खाल्ले असतील, तर नवे लावण्याआधी अलाइनमेंट आणि खालचे बॉल जॉइंट तपासून घ्या. नाहीतर पुढे आणलेले टायरही त्याच वाटेने जातील.

प्रश्न : माझ्या वापरलेल्या गाडीला १५ इंची अलॉय आहेत, पण डिकीतली स्टेपनी १४ इंची लोखंडी निघाली. विक्रेत्याने फसवले का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बहुधा नाही. अनेक कंपन्या अलॉयच्या गाडीलाही खर्च वाचवण्यासाठी लहान लोखंडी स्टेपनी देतात. स्टेपनीच्या टायरचा व्यास वर सांगितलेल्या रीतीने काढून पाहा. तो इतर चार चाकांच्या जवळपास असेल, तर ती कारखान्यातलीच जोडी आहे. रिमवर ८० किलोमीटर वेगमर्यादेचे स्टिकर असेल, तर ते पाळा आणि पंक्चर काढून झाले, की मूळ चाक लगेच परत लावा. व्यासात ठळक फरक निघाला, तर मात्र स्टेपनी दुसऱ्या गाडीची आहे. ती बदला, आणि तोवर दूरच्या प्रवासाला निघू नका. एबीएस असलेल्या गाडीत चारही चाकांच्या फेऱ्यांची सतत तुलना होत असते. एक चाक लहान असेल, तर डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि तो कशाने लागला, हे शोधण्यात गॅरेजचा एक दिवस जातो.